राग, स्वाभिमान आणि आपली मुले

शाळेच्या स्मरणिकेत निकालांचे आकडे असतात, इमारतींची छायाचित्रे असतात, देणगीदारांची यादी असते आणि मोठ्या पदावर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांविषयीचा सार्थ अभिमान असतो. हे सर्व असलेच पाहिजे. परंतु निवासी शाळेत जे शिक्षण घडते, त्याचा मोठा भाग कोणत्याही गुणपत्रकात उमटत नाही. सायंकाळी नळावर बादलीच्या नंबरावरून जुंपलेली मारामारी, भोजनगृहात भिरकावलेले ताट, रागाच्या भरात फाडलेली वही आणि त्यानंतर पांघरुणात तोंड खुपसून रडणारे मूल, यांच्याशी शिक्षकांची आणि अधीक्षकांची रोज गाठ पडते. अशा क्षणी आपण त्या मुलाशी कसे वागतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मुलांच्या रागाविषयी आणि त्याच्याशी निगडित असलेल्या स्वाभिमानाविषयी आम्ही थोडे स्पष्टपणे लिहीत आहोत.

किकवी हे पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. येथे मुले भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांतून येतात, तशी दूरच्या जिल्ह्यांतूनही येतात. कुणाचे वडील शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर असतात, कुणाचे आईवडील वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात, कुणाच्या घरी आजीशिवाय दुसरे कोणी नसते. आठ-नऊ वर्षांचे मूल पत्र्याची पेटी घेऊन येते, आई एसटीत बसते, गाडी निघून जाते. त्या रात्रीपासून त्याला अनोळखी मुलांत झोपायचे, घंटेवर उठायचे, रांगेत जेवायचे असते. त्याने हे सारे मुकाट्याने सोसावे आणि त्याला रागही येऊ नये, ही अपेक्षा आपण मोठी माणसेही पूर्ण करू शकलो नसतो.

रागाच्या मागे काय आहे?

सर्वच राग एकाच जातीचा नसतो. परीक्षेच्या काळात झोप अपुरी झाली, दुपारचे जेवण लांबले, ताप अंगात मुरत असला, तरी मूल चिडते. या रागावर उपदेश नको. जेवण, विश्रांती आणि औषध हवे. दुसरा राग विरहाचा. दिवाळीची सुटी संपवून परतलेली मुले पहिले आठ दिवस क्षुल्लक कारणावरून भांडतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. रविवारी ज्याच्या भेटीला कोणी आले नाही, ते मूल सायंकाळी दुसऱ्याचा खाऊ हिसकावते. त्याला खाऊ नको असतो. आपल्याला विसरले नाही, एवढा दिलासा हवा असतो. तिसरा राग भयाचा. ज्या घरात दारू आणि मारहाण आहे, तेथील मुलाचा हात आपोआप वर जातो, कारण भांडण मिटवण्याची दुसरी रीत त्याने पाहिलेलीच नसते.

चौथा राग अपमानाचा. तो आपल्या समाजाला सर्वांत जवळचा आहे. कोणी आडनावावरून जात काढतो, कोणी रंगावरून टोपणनाव ठेवतो, कोणी 'तुम्ही काय, सवलतीचे' असे बोलून जातो. काही ठिकाणी शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात नावानिशी, प्रवर्गानिशी वाचली जाते. वाचणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसेलही. पण खाली मान घालून उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनात त्या दिवशी जे साठते, ते आठवड्याभराने खेळाच्या मैदानावर बाहेर पडते. मैदानावरची मारामारी सर्वांना दिसते, वर्गातला अपमान मात्र कोणालाच दिसलेला नसतो. शिक्षा अर्थातच मारामारीला होते.

म्हणून मूल रागावले की 'का रागावलास?' या प्रश्नाला घाई करू नये. त्या क्षणी ते उत्तर देऊच शकत नाही. राग आला की छाती धडधडते, श्वास उथळ होतो, मुठी आवळतात. सारे शरीर झुंजायला किंवा पळायला सिद्ध होते. विचार करून आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीनंतरही काही वर्षे परिपक्व होत असतो. ज्या गोष्टीची क्षमता मुलात अजून घडत आहे, तिच्या अभावासाठी त्याला 'वाया गेलेला' ठरवणे हे अज्ञान आहे. आधी त्याला शांत होऊ द्यावे, दुसऱ्याला इजा होणार नाही एवढे पाहावे आणि प्रश्न तासाभराने विचारावा.

दोन टोकांची मते

आमच्या धम्मबांधवांत याविषयी दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, तथागतांनी क्रोध सोडायला सांगितले आहे. तेव्हा मुलांनी रागावूच नये, डोळे मिटून शांत बसावे. दुसरे म्हणतात, आपली चळवळ संतापातून उभी राहिली. मुलांना थंड करू नका, नाहीतर ती अन्याय गिळायला शिकतील. दोन्ही मतांत तळमळ आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत, असे आम्हांला वाटते.

पहिल्या मताचे लोक अक्कोस सुत्तातील कथेचा दाखला देतात. एक ब्राह्मण रागाने येऊन बुद्धांना शिव्या देतो. बुद्ध त्याला विचारतात, की तुझ्या घरी आलेल्या पाहुण्याने पुढे ठेवलेले अन्न घेतले नाही, तर ते कोणाचे? तो म्हणतो, माझेच. तसेच तुझे हे शब्दही मी घेतले नाहीत, असे बुद्ध त्याला समजावतात. कथा थोर आहे. दुसऱ्याने दिलेली हीनता स्वीकारायची की नाही, हे आपल्या हाती आहे, हा स्वाभिमानाचा पहिला धडा तीत आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलाला केवळ ही कथा सांगून वर्गात परत पाठवणे आणि शिवी देणाऱ्याला मोकळे सोडणे, हा न्याय नव्हे. मुलाने अपमान मनावर घेऊ नये, हे शिकवण्याचा अधिकार तो अपमान थांबवणाऱ्यालाच पोहोचतो.

दुसऱ्या मताला उत्तर आपल्याच इतिहासात आहे आणि ते येथून फार दूरही नाही. किकवीहून भोर गाठावे, पुढे वरंधा घाट उतरावा, की आपण महाडला पोहोचतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरातही शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्यांनी हल्ला झाला. स्त्रिया-मुलेही त्यातून सुटली नाहीत. संतापलेले शेकडो लोक बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. त्यांत सैन्यात सेवा बजावलेली माणसेही होती. शब्द मिळाला असता तर महाडात त्या दिवशी रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी आपल्या माणसांना आवरले.

त्यांना राग आला नव्हता, असे कोण म्हणेल? पण त्या रागाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. हल्लेखोरांवर खटले झाले आणि काहींना शिक्षाही झाली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली. तळ्याच्या हक्काचा दावा न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि अखेर १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. दहा वर्षे तो राग विझला नाही आणि कोणाच्या डोक्यातही घातला गेला नाही. तो संघटनेत, युक्तिवादात, कागदपत्रांत उतरला. मुलांना राग आवरायला शिकवणे म्हणजे काय, हे आम्हांला महाडमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. रागाचे कारण विसरायचे नाही; त्याला थांबायला आणि बोलायला शिकवायचे.

रागाला शब्द द्यावेत

थांबणे आणि बोलणे, या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात. ज्या मुलाजवळ आपल्या भावनेसाठी 'डोकं फिरलं' एवढाच शब्द आहे, त्याच्या वतीने हात बोलतो. 'मला वाईट वाटले', 'मला लाज वाटली', 'मला एकटे पाडले', 'माझ्यावर खोटा आळ आला', हे वेगवेगळे अनुभव आहेत आणि त्यांना वेगवेगळी नावे आहेत, हे मुलाला कळले की अर्धी लढाई जिंकल्यासारखी होते. भांडणानंतर दोन्ही मुलांना वेगवेगळे बसवून घडले ते लिहायला सांगावे. शुद्धलेखन पाहू नये, लिहिलेले इतरांना वाचून दाखवू नये. लिहिता लिहिता पुष्कळदा मुलालाच उमगते की भांडण पेन्सिलीवरून नव्हते.

या बाबतीत पुणे शहराने आपल्याला एक मोठे उदाहरण दिले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली 'ज्ञानोदय'ने तो छापला. त्यात संताप आहे, धर्मसत्तेला विचारलेले रोखठोक प्रश्न आहेत. ज्या मुलीच्या हाती त्या काळात दगडही येऊ शकला असता, तिच्या हाती शिक्षणाने लेखणी दिली. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी तो निबंध वाचला जातो. आपल्या शाळांतील निबंधाच्या वह्यांत 'माझा आवडता ऋतू' अवश्य असावा; परंतु 'मला राग आला तो दिवस' हाही विषय कधी तरी असावा.

थांबण्याची सवय श्वासापासून लागते. आनापानसती ही आपली परंपरागत साधना; महाराष्ट्र शासनाच्या 'मित्र उपक्रमा'तून ती अनेक शाळांत पोहोचली आहे. सकाळी वंदनेनंतर दहा मिनिटे येणारा-जाणारा श्वास पाहणाऱ्या मुलाला पुढे रागाच्या क्षणी 'आपला श्वास जोरात चालला आहे' एवढे जरी ओळखता आले, तरी मूठ उगारण्यापूर्वी त्याला एक क्षण सापडतो. एक सावधगिरी मात्र हवी. दंगा केला म्हणून 'जा, ध्यानाला बस' असे म्हणू नये. शिक्षा म्हणून केलेले ध्यान मूल आयुष्यभर टाळते. मैत्रीभावनेचेही तसेच. ज्याच्याशी आज भांडण झाले त्याच्यासाठी आजच मंगल चिंतावे, असा आग्रह धरू नये. मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करायची असते. रागावलेल्या मुलाला त्या दिवशी तेवढीच पायरी पुरे.

बुद्धांनी राहुलाला दिलेला उपदेशही येथे आठवतो. राहुल लहानपणीच घर सोडून संघात राहू लागला; एका अर्थी तोही निवासी विद्यार्थीच. आरसा कशासाठी असतो, असे बुद्धांनी त्याला विचारले आणि सांगितले की कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर, अशी तीन वेळा ती पारखून पाहावी. तिने स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख होते का, ते पाहावे. 'करण्यापूर्वी' चुकले तर 'करताना' थांबता येते, आणि तेही चुकले तर नंतर कबूल करून सुधारता येते. मुलाला एवढ्या संधी देणारी शिस्त आजच्या शाळांनीही अंगीकारावी अशी आहे.

स्वाभिमान कशाने वाढतो?

ज्या मुलाला स्वतःची किंमत कळलेली नसते, त्याला प्रत्येक शब्द टोचतो. म्हणून रागाचा विचार स्वाभिमानाशिवाय पुरा होत नाही. परंतु स्वाभिमान म्हणजे काय, याविषयी गैरसमज फार आहेत. अलीकडे मुलांची सतत वाहवा करण्याची रीत पडली आहे. 'तू सर्वांत हुशार' असे ऐकत वाढलेले मूल पहिल्या अपयशाला कोसळते, आणि वरच्या नंबराच्या मुलाचा द्वेष करू लागते.

धम्मात 'मान' या दोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी दुसऱ्याहून श्रेष्ठ, मी दुसऱ्याच्या बरोबरीचा आणि मी दुसऱ्याहून हीन. स्वतःला हीन समजणे हाही मानच, हे पुष्कळांना नवल वाटेल. तिन्ही प्रकारांत माणूस स्वतःला दुसऱ्याच्या पट्टीने मोजत असतो. आमच्या मते मुलांच्या संगोपनात या विचाराइतका उपयोगी विचार दुसरा नाही. 'शेजारच्या मुलाला नव्वद टक्के, तुला साठच?' असे म्हणणारे पालक आणि 'आमचं पोर साऱ्या तालुक्यात पहिलं' असे मिरवणारे पालक, दोघेही मुलाच्या हाती तीच पट्टी देतात.

स्वाभिमान येतो तो स्वतः केलेल्या कामातून आणि कोणी तरी आपल्याला गांभीर्याने घेते या विश्वासातून. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मग त्या मुलाचा कणा ताठ राहिला तो कशाच्या बळावर? परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी त्यांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकांसाठी विवाहित मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत. साताऱ्याच्या शाळेतील आंबेडकर आडनावाचे शिक्षक आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी त्यांना देत, आणि ती आठवण त्यांनी जन्मभर जपली. 'तू महान होशील' अशी भाषणे तेथे कोणी दिली नव्हती. घर आणि एक गुरुजी आपल्यासाठी झिजत आहेत, हे त्या मुलाने पाहिले, एवढेच.

वसतिगृहातही आमचा अनुभव असाच आहे. सर्वांशी भांडणाऱ्या एका मुलाकडे रोपांना पाणी घालण्याचे आणि त्याची नोंद ठेवण्याचे काम दिले. कौतुक कोणी फारसे केले नाही. मात्र त्याची नोंदवही दर शनिवारी नियमाने पाहिली. त्याची भांडणे संपली असे नाही, पण कमी झाली. 'माझ्याशिवाय ही रोपे वाळतील' हे ज्ञान त्याला कोणत्याही बक्षिसापेक्षा अधिक उपयोगी पडले.

स्वाभिमान ही केवळ मनाची बाब नव्हे, हेही सांगितले पाहिजे. शाक्यकुमारांबरोबर न्हावी उपाली दीक्षेला आला, तेव्हा आपला कुलाभिमान गळावा म्हणून त्या कुमारांनीच उपालीला आधी दीक्षा देण्याची विनंती केली आणि तसे झाले. पुढे संघात उपालीला वंदन करणे त्यांना क्रमप्राप्त ठरले. म्हणजे प्रतिष्ठा उपदेशाने दिली गेली नाही, व्यवस्थेने दिली गेली. आपल्या वसतिगृहात शौचालय सफाईची पाळी सर्वांना सारखी आहे का, स्नेहसंमेलनात संचालन नेहमी त्याच चार मुलांकडे जाते का, मुलींना मैदान मुलांइतका वेळ मिळते का, हे प्रश्न मुलांच्या स्वाभिमानाचेच प्रश्न आहेत.

मोठ्यांचा राग

येथे आम्ही स्वतःकडे वळतो. मुलांच्या रागाविषयी लिहिणाऱ्या आम्हां शिक्षकांचा आवाजही कित्येकदा चढला आहे. कधी चौकशी न करता पहिला दोष नेहमीच्याच मुलावर टाकला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. छडी बहुतेक ठिकाणी गेली. जीभ अद्याप पूर्णपणे सुधारली नाही. चार मुलांसमोर केलेला पाणउतारा छडीपेक्षा खोल लागतो. आपली चूक झाली असेल तर मुलाची माफी मागावी. त्याने धाक कमी होतो, ही भीती निराधार आहे. मोठा माणूस चूक कबूल करूनही लहान होत नाही, हे मूल त्यातून शिकते.

पालकांना आमची विनंती अशी, की भेटीच्या दिवशी पहिला प्रश्न गुणांचा नको. जेवलास का, झोप लागते का, मित्र कोण आहे, हे आधी विचारावे. येणे शक्य नसेल तर तसे आधी कळवावे. न आलेल्या आईपेक्षा वाट पाहायला लावलेली आई मुलाला अधिक दुखवते. घरातली भांडणे मुलासमोर फोनवर काढू नयेत. एखादे मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, जगणेच नको असे बोलत असेल, तर तो नाटकीपणा किंवा बाहेरची बाधा समजून वेळ दवडू नये. डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे जावे. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत; ते प्रत्येक घराच्या भिंतीवर असावेत.

माजी विद्यार्थ्यांकडून आम्हांला देणगीबरोबरच आणखी एक गोष्ट हवी आहे. तुम्ही येता तेव्हा आपल्या यशाविषयी बोलता, आणि मुले टाळ्या वाजवतात. एकदा येऊन आपल्या रागाविषयीही बोला. कोणत्या शब्दाने तुम्ही पेटला होतात, काय चुकलात, कोणी सावरले, हे सांगा. ताट भिरकावून बाहेर जाऊन बसलेले एखादे मूल त्या दिवशी शेवटच्या रांगेतून तुमचे ऐकत असेल. या शाळेतून असेच रागावलेले एक मूल पुढे माणसासारखे माणूस झाले, हे त्याला तुमच्या तोंडून कळले, तर तुमचे त्या दिवशीचे येणे सार्थकी लागेल.